रंगराव सरडा आणि काळा दरबार

एका जंगलात, बाळांनो, सरडे पाळायची टूम निघाली. का निघाली ते सांगतो, पण आधी नीट मांडी घालून बसा. आणि मागच्या त्या दोघांनी एकमेकांना चिमटे काढणं थांबवा. ही गोष्ट लहान मुलांची आहे, म्हणजे ती मोठ्या माणसांविषयी आहे.

त्या जंगलात सिंह राजा होता. सिंह राजा असतोच. त्याला त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही.

राजाला एक खोड होती. रोज सकाळी उठला की तो त्या दिवसाचा रंग ठरवायचा. आज हिरवा, उद्या पिवळा, परवा राखाडी. ठरवताना तो फारसा विचार करत नसे. पोट साफ झालं असलं तर पिवळा. आदल्या दिवशीचं सांबर पचलं नसलं तर राखाडी. राणी त्याच्याशी बोलली नसली तर जांभळा, आणि बोलली असली तर जास्तच जांभळा.

दरबारात येणाऱ्या प्रत्येकाने त्या रंगाचं उपरणं गळ्यात घालून यायचं. आता तुम्ही विचाराल, आजचा रंग कोणता हे घरून निघताना कळायचं कसं? कळायचंच नाही. दरबार भरला की मग राजा रंग सांगायचा. ज्याचं उपरणं जुळलं तो निष्ठावंत. ज्याचं जुळलं नाही त्याला दिवसभर खांबामागे बसवायचे. तिसऱ्यांदा चुकला की थेट दरबाराबाहेर.

थोडक्यात नियम सोपा होता. राजाच्या मनात काय आहे ते राजाच्या आधी ओळखायचं.

या दरबारात खंडेराव नावाचा तरस नोकरीला होता. त्याचं काम हसण्याचं. राजाने विनोद केला की खंडेरावाने हसायचं. हुद्दा होता ‘हसणारे, वर्ग दोन’. वर्ग एकचे हसणारे राजाच्या समोर बसत आणि विनोद सुरू होण्याआधीच हसायला लागत. वर्ग दोनने विनोद संपल्यावर हसायचं, असं ठरलेलं होतं. कुणी विनोद कळून हसला तर मात्र त्याची चौकशी होई.

खंडेराव दोनदा खांबामागे जाऊन आला होता. एकदा हिरव्या दिवशी तो पिवळा गेला आणि एकदा पिवळ्या दिवशी हिरवा. खांबामागून नीट ऐकू येत नसे, त्यामुळे त्याचं हसणं उशिरा पोचायचं. एकदा तर ते राजा आपल्या दिवंगत मातोश्रींची आठवण सांगत असताना पोचलं. तेव्हापासून राजा त्याच्याकडे जरा निरखून बघायला लागला होता.

“आता पुन्हा चुकलात तर मी माहेरी जाईन,” खंडेरावाची बायको मथुराबाई म्हणाल्या.

“तुझं माहेर शेजारच्या गुहेत आहे.”

“असू दे. पण जाईन.”

नेमकं त्याच सुमारास एक माकड टोपलीत सरडे घेऊन विकायला आलं. तुम्ही कुंपणावर मान हलवणारे बघता ते सरडे नव्हेत हे. हे घाटाखालच्या जंगलातले घोयरे. एक डोळा पुढे, एक मागे. शेपटीची गुंडाळी. चालताना एक पाऊल टाकायचं, मग तिथेच झुलत राहायचं, मग पुढचं पाऊल टाकायचं की नाही याचा विचार करायचा. सरकारी कामकाजाला अगदी लायक जनावर.

“वहिनी, घ्या. रंग बदलतो,” माकड म्हणालं.

“कशावरून बदलतो?”

“त्याला आतलं कळतं.”

माकड खोटं बोललं नव्हतं, फक्त अर्धवट बोललं होतं. सरड्याला कळतं ते त्याच्या स्वतःच्या आतलं. ऊन खाऊन बरं वाटलं की तो हिरवा होतो. गारठला की मातकट. घाबरला, आजारी पडला किंवा तहानला की काळपट. पण मथुराबाईंना वाटलं, याला राजाच्या आतलं कळतं. नवऱ्याची नोकरी टांगणीला लागली की बायकोला अर्धं वाक्यसुद्धा पुरतं.

माकडाने सरड्याबरोबर एक लिहिलेलं पान दिलं होतं. त्यावर सगळं होतं. रोज कोवळं ऊन दाखवा. जिवंत नाकतोडे द्या. हातात घेऊ नका. टक लावून बघू नका. वाटीत पाणी ठेवू नका, पानांवर शिंपडा. मथुराबाईंनी ते पान काळजीपूर्वक घडी मोडून पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलं. लिहिलेली बाजू खाली, म्हणजे शाई सरड्याच्या पायांना लागायला नको.

सरड्याचं नाव ठेवलं रंगराव.

सुरुवातीला त्याचा पिंजरा परसात कढीपत्त्याच्या फांदीला टांगलेला असे. पिंजऱ्याचं दार उघडंच असायचं. रंगराव सकाळी बाहेर यायचा आणि झाडावर चढायचा. दोन पानं चढेपर्यंत दुपार व्हायची, त्यामुळे पळून जाण्याची भीती नव्हती.

त्या झाडाशेजारीच भांडी घासायची मोरी होती, आणि मोरीवर ठकूबाई होती. ठकूबाई म्हणजे चिचुंद्री. धुणी-भांडी करायची. मागच्या दाराने यायची, मागच्याच दाराने जायची. तिच्या अंगाला वास येतो अशी सगळ्यांची तक्रार होती. चिचुंद्रीच्या अंगाला वास येतोच, त्यात तिचा काय दोष? तरसाच्या तोंडाला काय केवड्याचा वास येतो की काय? पण ते कुणी बोलत नसे, कारण खंडेराव दरबारात होता.

आता तुमच्यातला एखादा शहाणा विचारेल, या गोष्टीत तरस बोलतो, माकड बोलतं, मग सरडा का बोलत नाही? बोलतो की! पण सरडा जसा चालतो तसाच बोलतो. एक शब्द, मग झोका, मग विचार, मग दुसरा शब्द. त्याचं वाक्य न्याहारीला सुरू झालं की जेवणाच्या वेळी संपायचं. पहिल्या शब्दानंतर खंडेरावाला दरबार गाठायचा असे. दुसऱ्या शब्दाला मथुराबाईंना जांभई येई. ठकूबाईपुढे मात्र भांड्यांचा एवढा ढीग असायचा की तिला रंगरावाचं आख्खं वाक्य ऐकायला मिळालं. एवढं ऐकून घेणारी त्या घरात तीच एक होती.

वाक्य असं होतं: “वाटीतलं पाणी मला दिसत नाही, पानावरचा थेंब दिसतो.”

“आसं व्हय!” ठकूबाई म्हणाली. “मंग मला आधी न्हाई का सांगायचं?”

आधी म्हणजे तो कालपासून सांगतच होता. पण ठकूबाईने वाद घातला नाही. त्या दिवसापासून ती धुणं झटकताना मुद्दाम कढीपत्त्याकडे तोंड करून झटकायची. पानांवर थेंब सांडायचे. रंगरावाची लांबलचक जीभ बाहेर यायची आणि एकेक थेंब टिपून घ्यायची. मोरीपाशी नाकतोडे यायचे, तेही त्याला मिळायचे. सकाळी ऊन यायचं. कुणी काही केलं नाही, नुसतं धुणं धुतलं, आणि रंगराव मजेत राहिला.

पहिल्याच सकाळी खंडेरावाने परसात डोकावून पाहिलं. रंगराव ऊन खाऊन हिरवागार झालेला. खंडेराव हिरवं उपरणं घालून गेला. राजा म्हणाला, “हिरवा!”

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. रंगराव गारठून मातकट झाला. खंडेराव मातकट उपरणं घालून गेला. राजाचंही त्या दिवशी अंग कसकसत होतं. तो म्हणाला, “मातकट!”

तिसऱ्या दिवशी मथुराबाईंनी रंगरावाला उचलून शेजारणीच्या तोंडासमोर धरलं आणि त्याची पापी घेतली. तुमची कुणा तरसाने पापी घेतली तर तुमचा जो रंग होईल तोच त्याचा झाला. अंगावर पट्टेच पट्टे उठले. खंडेराव घाबरत घाबरत पट्ट्यापट्ट्याचं उपरणं घालून गेला. आणि बघा दैव! राजाचं दोन रंगांत ठरत नव्हतं. तो वैतागून म्हणाला, “आज पट्टेरी!” त्या दिवशी आख्ख्या दरबारात दोघेच बरोबर निघाले. एक खंडेराव, आणि दुसरा वाघ. वाघाने उपरणंसुद्धा घातलं नव्हतं.

राजाने खंडेरावाला जवळ बोलावलं.

“तुम्हाला कसं कळतं हो?”

“महाराज, घरी सरडा पाळलाय.”

राजाला फार आनंद झाला. खरं म्हणजे रोज रंग ठरवून तो कंटाळला होता. “मग उद्यापासून आम्ही कशाला डोकं शिणवायचं? तुम्हीच सकाळी सरडा बघून या आणि आम्हाला सांगा.”

झालं. आता खंडेराव राजाचं मन ओळखायला सरड्याकडे बघायचा आणि राजा स्वतःचं मन ओळखायला खंडेरावाकडे बघायचा. सरडा एका डोळ्याने नाकतोड्याकडे आणि दुसऱ्या डोळ्याने ठकूबाईच्या ओल्या लुगड्याकडे बघायचा. त्या जंगलाचा कारभार असा चालू झाला, आणि मी ऐकलंय की पहिल्यापेक्षा बरा चालला.

मग काय विचारता! घरोघरी सरडे आले. अस्वलाने एक घेतला. सशांनी साठ घेतले. सरडापालकांचं मंडळ निघालं. पहाटेपासून निरोप सुरू व्हायचे, “सुप्रभात, आमचा आज पोपटी.” “आमचा कालपासून तपकिरी, काय द्यावं?” “गाजराचा कीस द्या.” “आमच्या आजेसासूबाई हळद द्यायच्या.” आजेसासूबाईंनी जन्मात सरडा पाळला नव्हता, पण मंडळात तसं विचारायची पद्धत नव्हती. प्रत्येकाकडे सल्ला होता. सरड्याला काय वाटतं ते ऐकायला मात्र सकाळपासून जेवणापर्यंत कोण बसणार?

आणि प्रत्येक घरचा सरडा वेगळ्या रंगाचा! ज्याच्या घरी जसं ऊन, जसा गारठा, जशी मुलं, तसा सरड्याचा रंग. माझाच खरा, माझाच खरा, म्हणून दरबारात मारामाऱ्या झाल्या. शेवटी राजाने हुकूम काढला: सरकारी सरडा एकच, खंडेरावांचा. बाकीचे रंग बेकायदा.

त्याच दुपारी लोकांनी आपापले सरडे उचलले आणि गावकुसाबाहेर फेकले. कालपर्यंत ज्यांना ‘आमचं बाळ’ म्हणत होते, त्यांना. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं म्हणतात. त्या दिवशी पुष्कळ सरडे कुंपणापलीकडे पोचले, आणि त्यासाठी त्यांना धावावंही लागलं नाही. पलीकडे करवंदीच्या जाळ्या होत्या. त्यांचं भलं झालं.

वाईट झालं ते रंगरावाचं. त्याला बढती मिळाली.

त्याचा पिंजरा परसातून उचलून दिवाणखान्यात आणला. पिंजरा चांदीचा केला. भोवती मखमली पडदे सोडले, कारण उन्हाने रंग उडाला तर जबाबदार कोण? समोर चांदीच्या वाटीत पाणी ठेवलं, दुसऱ्या वाटीत केशराचं दूध आणि ताटलीत पेढे. नाकतोडे बंद झाले, कारण सरकारी सरड्याने किडे खाणं बरं दिसत नाही. दर्शनाला रांगा लागल्या. रंगराव आता रंगरावमहाराज झाला. कुणीतरी म्हणालं, अभिषेक घालू या. तेवढं जरी केलं असतं तरी बरं झालं असतं! पण महाराजांना सर्दी होईल म्हणून अभिषेक त्यांच्या तसबिरीला घातला.

आणि ठकूबाईला कामावरून काढून टाकलं.

“तुझा वास सरकारी सरड्याला लागेल,” मथुराबाई म्हणाल्या.

“पर बाईसाहेब, त्येला पाणी कोण देनार?”

“चांदीच्या वाटीत ठेवलंय पाणी. तू तरी कधी प्यालीस का चांदीच्या वाटीतून?”

“न्हाई. म्हनून तर जित्ती हाय.”

मथुराबाईंनी मागचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रंगराव तपकिरी झाला. दरबार तपकिरी झाला. मग तो विड्यातल्या काताच्या रंगाचा झाला आणि दरबारही झाला. आठव्या दिवशी तो पार काळा पडला. दरबाराने काळी उपरणी घातली. मग नुसत्या उपरण्याने निष्ठा पुरेशी दिसेना, म्हणून काहींनी अंगाला कोळसा फासला. हरणं काळी झाली. मोर काळा झाला, आणि नाचताना आपण नाचतोय हे त्याला लोकांना सांगावं लागायला लागलं. राजाने आयाळ काळी करून घेतली. त्याला ती शोभली. वर्ग एकचे म्हणाले, महाराज, दहा वर्षांनी लहान दिसता.

“पण काळाच का बरं?” एका सशाने विचारलं.

“काळ गंभीर आहे,” वर्ग एकने सांगितलं. सगळे गंभीर झाले.

रंगराव आता फांदी धरून बसायचा आणि हलायचाही नाही. डोळे आत ओढले गेले होते. मथुराबाईंना थोडी काळजी वाटली. त्यांनी डॉक्टर बगळ्यांना बोलावलं. डॉक्टर आले, एका पायावर उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, “प्रकृती उत्तम.”

“डोळे खोल गेलेत हो.”

“चिंतन.”

“काही खात नाही.”

“उपवास.”

“पाण्याला शिवत नाही.”

“निर्जळी,” डॉक्टर म्हणाले, आणि जाताना पेढे घेऊन गेले.

ठकूबाई रोज मागच्या दाराशी येऊन उभी राहायची. “आवो, तहान लागलीया त्येला. पानावर चार थेंब टाका की! चार थेंबांनी तुमचं काय जातंय?” तिला रोज हाकलत. ती दुसऱ्या दिवशी परत यायची. तिचा तो कुणी नव्हता. नात्याचा नाही, जातीचा नाही. पण तिने त्याचं एक वाक्य पूर्ण ऐकलं होतं, आणि एकदा ऐकलं की मग ऐकलं नाही असं करता येत नाही.

अकराव्या दिवशी खुद्द राजा दरबारासह दर्शनाला येणार होता.

त्या सकाळी खंडेराव पिंजऱ्यापाशी एकटाच उभा होता. रंगरावाचा एक पाय फांदीवरून घसरला. त्याने तो परत वर घेतला. पुन्हा घसरला. या वेळी त्याने तो तसाच लोंबू दिला.

खंडेराव मूर्ख नव्हता. विनोद कळत असूनही वर्षानुवर्षं न कळल्यासारखा हसणारा मूर्ख कसा असेल? ठकूबाई रोज दाराशी काय ओरडते ते त्याने ऐकलं होतं. त्याने वाटीत बोटं बुडवली. ओली बोटं पिंजऱ्याच्या गजांपर्यंत नेली.

आणि मग त्याच्या मनात आलं, थेंबाने याचा रंग बदलला तर? राजा काळा, राणी काळी, सगळा दरबार काळा होऊन तासाभरात दाराशी येणार. आणि सरडा हिरवा? म्हणजे तिसरी चूक. म्हणजे दरबाराबाहेर. म्हणजे जन्मभर दुसऱ्यांनी मारलेल्याची हाडं चघळायची.

त्याने ओली बोटं उपरण्याला पुसली.

बाळांनो, इथे मला खंडेरावाचा राग येतो. आणि राग आल्यावर लगेच आठवतं की मी स्वतः बऱ्याच ठिकाणी बोटं पुसली आहेत. म्हणून पुढे जातो.

राजा आला. दिवाणखान्यात काळ्या अंगांची अशी गर्दी झाली की कोण कोण आहे ते कळेना. कोल्ह्याने दोनदा स्वतःच्याच सासऱ्याची ओळख करून घेतली. उदबत्त्यांचा धूर झाला होता. त्या धुरात, त्या काळ्या गर्दीत आणखी एक काळसर अंग शिरलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वासही आला नाही. तिच्या हातात कढीपत्त्याची डहाळी होती, मोरीतल्या बादलीत बुडवून आणलेली.

“वा!” राजा पिंजऱ्यापाशी नाक नेऊन म्हणाला. “काय हा काळा! काय हे गांभीर्य!”

“बाजूला व्हा वाईच,” ठकूबाई राजाला म्हणाली.

राजाला ‘बाजूला व्हा’ असं जन्मात कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो चटकन बाजूला झाला. ठकूबाईने मखमली पडदा ओढून काढला. खिडकीतलं ऊन पिंजऱ्यावर पडलं. तिने डहाळी जोरात झटकली. थेंब उडाले. फांदीवर पडले, गजांवर पडले, आणि एक मोठा थेंब बरोबर राजाच्या नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसला.

रंगरावाचा एक डोळा हळूच फिरला.

सट्टकन जीभ आली आणि राजाच्या नाकावरचा थेंब घेऊन गेली.

दरबार थिजला. राजाला चाटणं हे फक्त वर्ग एकचं काम होतं.

पण रंगरावाला त्याचं काही नव्हतं. त्याने फांदीवरचा थेंब टिपला. गजावरचा टिपला. ठकूबाईने चांदीच्या वाटीत डहाळी पुन्हा भिजवली, पुन्हा झटकली, आणि तो पीत राहिला. ऊन त्याच्या पाठीवर होतं. आधी शेपटी तपकिरी झाली. मग पोटावर मातकट डाग आले. मग पाठीच्या कण्यावर एक हिरवी रेघ उमटली, ती रुंदावत गेली, आणि सगळ्यांच्या देखत तो पावशेराचा जीव हिरवागार झाला. मला विचाराल तर त्या घरात इतकं सुंदर काही त्याआधी घडलं नव्हतं.

काळा राजा हिरव्या सरड्याकडे बघत होता.

“याचा अर्थ काय?” राजाने विचारलं.

“अर्थ कसला, म्हाराज?” ठकूबाई म्हणाली. “तहान लागली व्हती त्येला. रंग नव्हता तो, तहान व्हती.”

आता नीट लक्ष द्या. दिवाणखान्यातल्या प्रत्येकाला ते कळलं. सशालासुद्धा. कळायला सोपंच होतं. आणि कळल्याबरोबर प्रत्येकाने आपल्या अंगाकडे पाहिलं. आपण एका तहानलेल्या सरड्यापायी कोळसा फासून बसलो, हे ज्याच्या त्याच्या तोंडावर आलं होतं. राजाच्या तोंडावर तर आयाळीतून ओघळलेला काळा रंगही आला होता.

राजा खंडेरावाकडे वळला. “खंडेराव, ही म्हणते ते खरं आहे?”

‘हो’ म्हणायला एक क्षण पुरला असता. खंडेरावाने तोंड उघडलं. त्याच्या मनात खरंच ‘हो’ होतं, मी शपथेवर सांगतो. पण इतकी वर्षं त्या तोंडातून राजासमोर दुसरं काही निघालंच नव्हतं. तो हसला.

खो खो हसला. मग वर्ग एक हसले. मग वर्ग दोन हसले. मग सगळा काळा दिवाणखाना हसायला लागला, आणि ठकूबाईचं बोलणं हा एक विनोद होऊन गेला. राजाला हायसं वाटलं. तोही हसला.

हसून झाल्यावर राजाने निवाडा दिला. सरड्याला पाणी पाजणं ही लाच आहे. या बाईने लाच दिली आणि या सरड्याने ती भर दरबारात घेतली. दोघंही फितूर. दोघांनाही हद्दपार करा. यापुढे सरकारी सरड्याला पाणी देणाऱ्याची गय केली जाणार नाही.

“काय म्हन्ता!” ठकूबाई म्हणाली. तिला आनंद लपवता येईना. तिने रंगरावाला लुगड्याच्या ओच्यात घेतलं आणि पुढच्या दाराने निघाली. मागच्या दारापर्यंत गर्दी होती, दुसरी वाट नव्हती.

ती उंबऱ्यावर पोचली तेव्हा खंडेराव तिच्या मागे दोन पावलं गेला. “जगेल ना गं तो?” एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि पुन्हा हसू बाहेर पडलं. ठकूबाईने वळून त्याच्याकडे पाहिलं. तिला काय वाटलं असेल ते वाटलं असेल.

मग सुतार पक्ष्याने सागवानाचा एक सरडा कोरून दिला. त्याला काळा रंग दिला. तो चांदीच्या पिंजऱ्यात बसवला. तो ऊन मागत नाही, नाकतोडे मागत नाही. खंडेरावाला वर्ग एक मिळाला. रोज सकाळी तो पिंजऱ्यात डोकावतो आणि दरबारात जाऊन सांगतो, “काळा.” आता कुणीच कधी चुकत नाही. खांबामागची जागा रिकामी असते. मथुराबाई माहेरी जात नाहीत. त्या जंगलात एवढं स्थैर्य कधीच नव्हतं, असं जुनेजाणते सांगतात.

आणि रंगराव? ठकूबाई त्याला घेऊन चालत राहिली. राजाने निवाडा दिला तेव्हाच रंगरावाने एक वाक्य सुरू केलं होतं. वाटेत त्याचा एक शब्द यायचा, मग झोका, मग दुसरा शब्द. ठकूबाई घाई न करता ऐकत होती. करवंदीच्या जाळीपाशी तिने त्याला फांदीवर ठेवलं, ओढ्यातलं पाणी ओंजळीने पानांवर शिंपडलं, तेव्हा कुठे त्याचं वाक्य संपलं.

“ते सगळे काळे कपडे घालून आले होते,” रंगरावाने विचारलं होतं, “कुणी गेलं का?”

“न्हाई, बाबा,” ठकूबाई म्हणाली. “जानार व्हतं. ऱ्हायलं.”

तात्पर्य: मुक्या प्राण्यांवर माया करावी. त्यांना चांदीचा पिंजरा करावा, पेढे ठेवावेत, जमल्यास तसबिरीला अभिषेकही घालावा. फक्त पाणी पाजू नये. पाणी प्यायलेला सरडा हिरवा होतो, आणि मग आपण इतके दिवस काळे का होतो, हे कुणाला तरी सांगावं लागतं.